कुरआनातले सहा दिवस आणि बिग बँग, जरा सविस्तरच सांगतो

बी.एस्सी. फर्स्ट इयरच्या एका मुलानं विचारलंय, की सर, वर्गात विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं शिकवतात, जुम्म्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) सहा दिवसांत जमीन-आसमान बनवल्याचं ऐकतो, घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज येतो की बिग बँग १४०० वर्षांपूर्वीच कुरआनात लिहून ठेवलाय आणि नासानं पण ते मान्य केलंय, वर हॉस्टेलचा मित्र चिडवतो की तुमच्यात तर सूर्य चिखलात मावळतो. नक्की धरायचं काय?

मी आलिम (धर्मपंडित) नाही हे आधीच सांगतो, मसला (धर्माच्या नियमाचा प्रश्न) विचारायचा असेल तर मुफ्तीसाहेबांकडं जा. मी सोलापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवत आलोय, मोहल्ल्यातल्या मशिदीचं नमाजचं टाइमटेबल बसवायला मदत करतो आणि थंडीत दुर्बीण घेऊन पोरांना नान्नजच्या बाजूला नेतो कारण शहरात आता धड सप्तर्षी पण दिसत नाहीत. त्यामुळं हा प्रश्न दर रमजानला कोणीतरी घेऊन येतंच, कधी तुझ्यासारखा काळजीनं तर कधी भांडायच्या तयारीनं.

सरळ उत्तर देतो. कुरआन मानणाऱ्याला १३.८ अब्ज वर्षं मानायला काहीच अडचण नाही. पण त्याचं कारण तो मेसेज देतोय ते नव्हे. त्या मेसेजच्या भरवशावर राहिलास तर आज छाती फुगेल आणि थर्ड इयरला कॉस्मॉलॉजीचं पुस्तक उघडलंस की गोंधळशील, असे गोंधळलेले मुलं मी बघितलेत आणि मग ते किताबच बंद करून ठेवतात, किंवा फिजिक्स.

सहा दिवसांपासून घेऊ. सूरह (अध्याय) आराफची ५४वी आयत (वचन), यूनुसची ३री, हदीदची ४थी, अशा बऱ्याच ठिकाणी सहा दिवसांत आसमान आणि जमीन बनवल्याचं येतं. आता दिवस म्हणजे काय तर पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी, मग पृथ्वीच बनायची होती तेव्हा फेरी कुठली न् दिवस कुठला. ही शंका काय आपल्याला पहिल्यांदा आलेली नाही. त्याच किताबात सूरह हजच्या ४७व्या आयतीत आहे की तुझ्या रबकडचा एक दिवस तुमच्या मोजण्यातल्या हजार वर्षांसारखा, आणि मआरिजच्या ४थ्या आयतीत पन्नास हजार वर्षांच्या दिवसाचा उल्लेख आहे. दमिश्कचे इब्न कसीर १३७३ साली वारले, ते आपल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनावरच्या भाष्यात, दोन्ही मतं नोंदवतात, की काहींच्या मते हे आपल्यासारखेच दिवस आणि काहींच्या मते एकेक दिवस हजार वर्षांचा. म्हणजे दुर्बीण यायच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी यावर मतभेद होता आणि त्यावरून कोणी कोणाला इस्लाममधून बाहेर काढलं नव्हतं.

पण इथं लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. सहा गुणिले हजार झाले सहा हजार, सहा गुणिले पन्नास हजार झाले तीन लाख, १३.८ अब्जाच्या गावालाही पोचत नाही. त्या आयती आकडा पुरवायला आलेल्याच नाहीत, तुमची फूटपट्टी तिकडं लागत नाही एवढंच त्या सांगतात, निदान मी तरी तसंच वाचतो. आणि एक गोष्ट लक्षात घे, विश्वाचं वय किती हे कुरआनात कुठंच दिलेलं नाही. आयर्लंडचे बिशप अशर यांनी १६५०च्या सुमारास बायबलमधल्या वंशावळी आणि राजांची वर्षं धरून जग इसवी सनापूर्वी ४००४ साली निर्माण झालं असा हिशोब मांडला होता, अमेरिकेत अजून काही लोक जग सहा-दहा हजार वर्षांचंच म्हणून भांडतात ते त्या वळणानं. आपल्याकडं बेरीज करायला तसल्या वर्षांच्या याद्याच नाहीत. मग ते भांडण उसनं कशाला आणायचं?

आता अवघड जागा, आणि ही मी मुद्दाम सांगतो कारण मित्र थोडा वाचणारा असला तर पुढचा प्रश्न हाच टाकणार. सूरह फुस्सिलत, आयत ९ ते १२. तिथं जमीन दोन दिवसांत, मग त्यावर डोंगर आणि सगळ्यांच्या खाण्यापिण्याची सोय चार दिवसांत, आणि मग आसमान, जे तेव्हा धूर होतं, त्याचे सात आसमान दोन दिवसांत. दोन अधिक चार अधिक दोन, आठ झाले की. मुफस्सिर, म्हणजे तफसीर लिहिणारे, सांगतात की चारमध्ये आधीचे दोन धरलेले आहेत. आपण म्हणतो ना, सोलापूरहून इंदापूर दोन तासात आणि पुणे चार तासात, म्हणजे एकूण सहा तास लागले असं कोणी समजत नाही. जुन्या तफसीरींत हेच उदाहरण बसरा, बगदाद आणि कुफा ही गावं घेऊन दिलेलं आहे. हे पटण्यासारखं आहे.

क्रमाचं मात्र तेवढं सोपं नाही. फुस्सिलतमध्ये जमीन आधी आणि आसमान नंतर असं वाटतं, आणि नाझिआत सूरहमध्ये २७ ते ३० या आयतींत आसमान आधी उभारलं आणि त्यानंतर जमीन पसरली. जुन्या लोकांनी यावर पानंच्या पानं लिहिलीत, कोणी म्हणतं जमिनीचा गोळा आधी आणि पसरणं नंतर, कोणी म्हणतं ‘मग’ म्हणजे दरवेळी घड्याळातलं नंतर नसतं, सांगण्याच्या ओघातलं पण असतं. खगोलशास्त्र काय म्हणतं? पृथ्वी साधारण ४.५४ अब्ज वर्षांची, म्हणजे ती बनली तेव्हा विश्वाला नऊ अब्ज वर्षं होऊन गेलेली, कितीतरी तारे जन्मून मरून गेलेले, आणि त्या मेलेल्या ताऱ्यांत तयार झालेलं लोखंड, सिलिकॉन, ऑक्सिजन घेऊनच आपली जमीन झालीय. म्हणजे फुस्सिलतचा क्रम घड्याळाचा क्रम म्हणून शब्दशः धरला तर तो जुळत नाही. हे गुळमुळीत न बोलता मान्य कर, त्यात दीन (धर्म) बुडत नाही, कारण तो क्रम घड्याळाचा धरूच नये असं म्हणणारे लोक तुझ्या-माझ्या आधी हजार वर्षं होते. ‘धूर’ हा शब्द मात्र मलाही आवडतो, वायू आणि धुळीच्या ढगातून तारे बनतात, मृग नक्षत्राच्या तलवारीतला तेजोमेघ दुर्बिणीतून खरंच धुरकट दिसतो, पण आवडणं वेगळं आणि पुरावा म्हणून खिशात घालणं वेगळं.

आता तो एक तृतीयांशवाला मेसेज, जो तू पण बघितला असशील. सहापैकी दोन दिवस जमिनीचे, दोन भागिले सहा म्हणजे एक तृतीयांश, आणि पृथ्वीचं वय ४.५४ भागिले विश्वाचं वय १३.८ बरोबर ०.३२९, बघा चमत्कार! हा कोणीतरी हुशार माणसानं बनवलाय आणि पहिल्यांदा वाचताना माणूस हरखतोच. पण जरा कागद-पेन घे. आयतीतले दोन दिवस जमीन बनवण्याचे आहेत, आणि ४.५४ अब्ज वर्षं हे बनून झाल्यापासून आजपर्यंतचं वय आहे. बनायला पृथ्वीला काही कोटी वर्षंच लागली असं उल्कांच्या अभ्यासावरून दिसतं. म्हणजे अंश चुकीचा. बरं, दोन दिवस म्हणजे साडेचार अब्ज धरले तर डोंगर आणि अन्नाचे चार दिवस म्हणजे नऊ अब्ज वर्षं होतील, पृथ्वीच्या स्वतःच्या वयाच्या दुप्पट, ते कुठं बसवणार? आणि सगळ्यात गंमत म्हणजे ही दोन्ही वयं रोज वाढतायत, तर आणखी पावणेपाच अब्ज वर्षांनी हाच भागाकार बरोबर निम्म्यावर जाईल. तो आपण जन्मलो त्या काळातच एक तृतीयांश दिसतोय एवढीच त्याची मजा.

शिवाय हा आकडा पण कायमचा नव्हता. हबलनं १९२९ला दीर्घिका (गॅलेक्सी) दूर पळण्याचा जो वेग काढला त्यावरून विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येत होतं, आणि पृथ्वीवरच्या खडकांचं वय किरणोत्सारावरून त्याच्याहून जास्त निघायला लागलं, म्हणजे आईपेक्षा लेक थोरली. अंतरं मोजण्यातली चूक पुढं सापडली. १९५६ला क्लेअर पॅटरसननं उल्कांवरून पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज पक्कं केलं, विश्वाचं मात्र १९९०च्या दशकात पण दहा ते वीस अब्ज असं सैलच होतं, आजचा १३.८ हा आकडा विश्वाच्या सुरुवातीच्या उरलेल्या प्रकाशाची सॅटेलाइटनं बारीक मोजणी झाल्यावर आला. १९३० साली व्हॉट्सअप असतं तर दोन अब्जाशी जुळणारी आयत पण कोणीतरी काढलीच असती, मला शंका नाही.

मुख्य आयतीकडं येतो, सूरह अंबिया, ३०वी. नाकारणाऱ्यांनी बघितलं नाही का, की आसमान आणि जमीन जोडलेले होते आणि आम्ही ते उघडून वेगळे केले, आणि पाण्यापासून प्रत्येक जिवंत वस्तू बनवली. बिग बँग म्हणून हीच दाखवतात. आता बिग बँगमध्ये जमीन आणि आसमान चिकटलेले होते आणि फुटून वेगळे झाले असं काही नाहीये. सुरुवातीच्या काही मिनिटांनंतर होता तो हायड्रोजन आणि हेलियम, जमीन यायला अजून नऊ अब्ज वर्षं होती, आणि ते पसरणं म्हणजे एका ठिकाणाहून बाहेर उडालेला फटाका नव्हे, सगळीकडंच अवकाश ताणलं जातंय. इमाम तबरी, ९२३ साली वारले, तफसीरमधलं केवढं मोठं नाव, त्यांनी या आयतीवरची वेगवेगळी मतं दिली आणि स्वतः पसंत केलं ते हे, की आसमान बंद होतं म्हणजे पाऊस नव्हता, जमीन बंद होती म्हणजे काही उगवत नव्हतं, मग आसमान पावसानं उघडलं आणि जमीन पिकानं. का, तर आयतीत लगेच पुढं पाण्याचीच गोष्ट आहे. सोलापुरातल्या माणसाला हा अर्थ समजावून सांगायला लागू नये. जूनमध्ये ढग येऊन नुसते बघून जातात आणि भेगा पडलेल्या रानात एक हिरवं पान नसतं, तेव्हा बंद आसमान आणि बंद जमीन म्हणजे काय ते ज्वारीवाल्याला विचार.

तबरींचाच अर्थ बरोबर आणि दुसरा कुठलाच नाही असं मी म्हणत नाही, जुन्यांतच काही जण सरळ दोन्ही एकत्र होते आणि वेगळे झाले असाही अर्थ घेतात. मी एवढंच म्हणतोय की ‘ही आयत म्हणजे बिग बँगच’ असं ठोकून सांगणारा माणूस तबरींपेक्षा जास्त तफसीर पण जाणत नाही आणि फिजिक्स पण धड जाणत नाही. झारियातच्या ४७व्या आयतीचं पण तसंच, आसमान आम्ही ताकदीनं उभारलं आणि आम्ही विस्तार देणारे आहोत. आज वाचताना अंगावर काटा येतो, मान्य. पण १३०० वर्षं ही आयत पाठ म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्यावरून ‘विश्व प्रसरण पावतंय’ हे काढलं नाही, त्यांनी त्यातून अल्लाहची ताकद आणि देण्याची ऐपत वाचली. ते कळलं स्लायफर, लमेत्र, हबल या लोकांनी दीर्घिकांच्या प्रकाशाचे वर्णपट काढले आणि गणितं केली तेव्हा. शोध लागल्यावर आयत दाखवायची आणि शोध लागायच्या आधी गप्प बसायचं, याला दुसऱ्या धर्मातलं कोणी करत असलं की आपण हसतो, मग स्वतःच्या बाबतीत पण तोच नियम लावावा.

याच्यात खरा धोका कुठं आहे ते बघ, आणि तो आपल्याच इतिहासात दिसतो. मध्ययुगात टॉलेमीचं खगोलशास्त्र चालायचं, मधे पृथ्वी आणि तिच्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी यांचे सात गोल, एकात एक बसवलेले. कुरआनात सात आसमान. झालं, बऱ्याच विद्वानांनी सात गोल म्हणजेच सात आसमान असं लावून टाकलं, त्याच्यावरचा ताऱ्यांचा आठवा गोल म्हणजे कुर्सी (अल्लाहचं आसन) आणि नववा म्हणजे अर्श (सिंहासन). तेव्हाचं ते अगदी लेटेस्ट सायन्स होतं, कोणी अडाणीपणा करत नव्हतं. मग १५४३ला कोपर्निकस आला, पुढं केप्लर, गॅलिलिओ, आणि ते गोलच राहिले नाहीत. आयत जागेवर आहे, जुळवणी गेली. आणि ज्यांनी जुळवणीलाच ईमान (श्रद्धा) समजलं होतं त्यांना पृथ्वी फिरते म्हणणं कुफ्र (धर्म नाकारणं) वाटायला लागलं. हल्ली सात आसमान म्हणजे वातावरणाचे सात थर असं चालतं. शाळेच्या भूगोलात थर पाच शिकवतात, पण तो भाग सोड, फुस्सिलतच्या १२व्या आयतीतच आहे की सगळ्यात जवळच्या आसमानाला आम्ही दिव्यांनी सजवलं. दिवे म्हणजे तारे धरले तर तारे सगळ्यात खालच्या थरात, म्हणजे जिथं आपले ढग फिरतात तिथं आले की! हा कसला बादरायण संबंध.

ख्रिश्चनांमध्ये पण हे झालंय आणि तिथं एक माणूस मोठा शहाणा निघाला. बिग बँगची कल्पना ज्यानं १९२७ आणि १९३१च्या लेखांत मांडली तो जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचा कॅथलिक पाद्री. १९५१च्या नोव्हेंबरमध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सांगून टाकलं की विज्ञानानं आता ‘प्रकाश होवो’ त्या क्षणाची साक्ष दिली. लमेत्रला आनंद व्हायला पाहिजे होता ना, त्याचीच थिअरी पोप उचलून धरतायत! तो नाराज झाला. आपली थिअरी धर्माच्या बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही, उद्या चुकीची ठरू शकते, हे त्याचं म्हणणं, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो विषय तसा काढला नाही.

आपल्याकडं जयंत नारळीकर बघ, कोल्हापूरचा जन्म, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक, २०२५ला गेले. त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर बिग बँग न मानणारं विश्वाचं मॉडेल मांडलं आणि १९९३ला त्याची नवी आवृत्ती पण काढली. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही कारण १९६५ला सापडलेलं सगळ्या आकाशातून येणारं मायक्रोवेव्ह रेडिएशन बिग बँगला जास्त नीट बसतं. पण वाद झाला तो आकडे आणि निरीक्षणांवर. आता ‘बिग बँग कुरआनात आहे’ असं धरलं की नारळीकरांनी एका थिअरीला विरोध केला तो कुरआनाला विरोध होऊन बसतो, आणि उद्या त्यांच्यासारख्या कोणाचं बरोबर निघालं तर? फिजिक्सच्या भांडणात किताबाला कशाला ओढायचं.

बाकी फॉरवर्डचं भराभर उरकतो. चंद्राला भेग दाखवणारा फोटो: ती रीमा अरिआडियस, सुमारे ३०० किलोमीटर लांब खचलेली जमीन, १९६९ला अपोलो १०नं फोटो काढलेला, तसल्या घळी चंद्रावर खूप आहेत आणि ही पण अख्ख्या चंद्राला फिरून जात नाही. चंद्र दुभंगल्याचा मोजजा (पैगंबरांचा चमत्कार) मानायचा तर मोजजा म्हणून मान, नासाच्या फोटोचा आधार मागू नको. नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर अजान ऐकली आणि मुसलमान झाला: त्यानं स्वतः नाकारलंय, १९८३ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं आपल्या वकिलातींना तसं कळवलं होतं. लाल गुलाबासारखा तेजोमेघ आणि सूरह रहमानची ३७वी आयत: ती आयत कयामतच्या दिवशी आसमान फाटेल त्याची आहे, आणि फोटो हबल दुर्बिणीनं काढलेल्या एका मरणाऱ्या ताऱ्याचा, कॅट्स आय म्हणतात त्याला, रंग पण माणसांनी फिल्टरप्रमाणे दिलेले. असले मेसेज पुढं पाठवून सवाब (पुण्य) मिळत असेल असं मला वाटत नाही, खोटं पसरवण्याचा हिशोबच द्यावा लागेल.

मित्राचा चिखल. सूरह कहफची ८६वी आयत, जुलकरनैन (कुरआनातल्या गोष्टीतला राजा) चालत चालत सूर्य मावळतो तिथपर्यंत गेला आणि त्याला सूर्य गढूळ पाण्याच्या झऱ्यात मावळताना आढळला. त्याला आढळला, असं वाक्य आहे. इमाम फखरुद्दीन राझी, १२१० साली वारले, यांनी सरळ लिहिलंय की सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी पट मोठा, तो पृथ्वीवरच्या झऱ्यात जाईल कसा, हे बघणाऱ्याला दिसलं ते आहे. मित्राला म्हण, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभा राहा आणि सूर्य कुठं मावळतोय सांग, तो पण पाण्यावर बोट दाखवेल. पण त्याच्यावर ओरडू नकोस. जुन्या तफसीरींत पृथ्वी स्थिर असल्याचं, सूर्य तिच्याभोवती फिरत असल्याचं भरपूर लिहिलेलं आहे, ते मुफस्सिर त्यांच्या काळाचं खगोलशास्त्र बोलत होते, तेव्हा ग्रीक पण तेच बोलायचे आणि आपले बहुतेक ज्योतिषी पण. मुफस्सिराचं आकाशाबद्दलचं मत म्हणजे अल्लाहकडून आलेला संदेश (वही) नव्हे.

मग जुळवायचं म्हणजे काय करायचं? माझं म्हणणं, आयतीसमोर आकडा ठेवून टाळी वाजवणं सोडून द्यायचं. सूरह आले इमरानच्या १९०-१९१ मध्ये सांगितलंय की आसमान-जमिनीच्या बनण्यात आणि रात्र-दिवसाच्या बदलण्यात अक्कलवाल्यांसाठी निशाण्या आहेत, जे उभे, बसलेले, आडवे झालेले त्यावर विचार करतात. विचार करा म्हणलंय, उत्तर छापून दिलेलं नाही. उत्तर शोधायला मोजावं लागतं, आणि मोजणाऱ्यांनी मोजलं. अब्दुर रहमान सूफीनं इसवी सन ९६४ला ताऱ्यांचं पुस्तक केलं त्यात देवयानी नक्षत्रातल्या एका ‘छोट्या ढगाची’ नोंद आहे. तो ढग म्हणजे देवयानी दीर्घिका, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नान्नजच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसतो. त्याला काय माहीत तो ढग म्हणजे अब्जावधी तारे आहेत, पण जे दिसलं ते इमानदारीनं लिहिलं आणि त्यातून आयत सिद्ध करायच्या भानगडीत पडला नाही.

धर्माच्या बाजूनं बघायचं तर पैगंबर साहेबांचे छोटे चिरंजीव इब्राहिम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं, हिशोबानं ते २७ जानेवारी ६३२चं धरतात. लोक म्हणायला लागले की इब्राहिमच्या मौतीमुळं ग्रहण लागलं. चमत्कार म्हणून मिरवायची यापेक्षा मोठी संधी कुठली? बुखारी-मुस्लिम या हदीसच्या संग्रहांत आहे, त्यांनी उठून सांगितलं की सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यानं त्यांना ग्रहण लागत नाही. आणि इमाम गझाली, ११११ला वारले, फिलॉसॉफरांशी एवढे भांडले पण ग्रहणाचं गणित त्यांनी मान्य केलं आणि वर लिहिलं की दीनच्या नावानं असल्या सिद्ध झालेल्या गोष्टीला विरोध करणारा माणूस दीनचंच नुकसान करतो. ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर ही दोन टाक.

बिग बँगच्या आधी काय, मुळात काही का आहे, हे फिजिक्सला आज सांगता येत नाही, सुरुवातीच्या अगदी पहिल्या क्षणाला आपली समीकरणं लागूच पडत नाहीत. काही जण म्हणतात बघा, तिथंच अल्लाह आहे. असं पण करू नकोस, कारण ते कोडं उद्या सुटलं तर काय अल्लाहला मागं सरकवणार? मी ‘कुन फयकून’ (अल्लाह म्हणतो ‘हो’, आणि ते होतं) मानतो तो पहिल्या सेकंदापुरता नाही, आत्ता हे वाचतोयस त्या क्षणाला पण. हे माझं मानणं आहे, ते कुठल्या प्रयोगानं सिद्ध करून दाखवता येत नाही आणि मी वर्गात तसं शिकवत पण नाही. परीक्षेत १३.८ लिही, त्याची कारणं लिही, रेडशिफ्ट (दूर जाणाऱ्या दीर्घिकांचा प्रकाश लालकडं सरकणं), मायक्रोवेव्ह रेडिएशन, जुन्या ताऱ्यांची वयं, मार्क त्यालाच आहेत. आदम अलैहिस्सलाम आणि उत्क्रांती हा वेगळा आणि माझ्या मते याच्यापेक्षा अवघड विषय आहे, तो यात कालवू नको.

आणि दीन आणि खगोलशास्त्र खरंच एकत्र काम करताना बघायचे असतील तर एक गोष्ट करून बघ, खर्च शून्य. सोलापुरात बऱ्याच जणांना वाटतं किब्ला (नमाजची, काबाकडची दिशा) म्हणजे सरळ पश्चिम, तसं नाहीये, इथून तो पश्चिमेपासून उत्तरेकडं साधारण १२ अंश सरकलेला आहे. दरवर्षी २७-२८ मे ला मक्केत दुपारी सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो, आपल्या घड्याळात तेव्हा २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात. त्या मिनिटाला गच्चीवर दोरीला नट बांधून ओळंबा लटकव, तो हलायचा थांबू दे, फरशीवर दोरीची सावली पडेल त्यावर खडूनं रेघ मार. सूर्याच्या दिशेला जाणारं त्या रेघेचं टोक म्हणजे किब्ला, मोबाइलच्या कंपासपेक्षा नक्की, कारण कंपास गच्चीतल्या सळईनं पण फिरतो. ढग आले तर १५-१६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी परत चान्स आहे, पण तेव्हा आपल्याकडं पावसाळा, त्यामुळं मे चुकवू नकोस.